इंदूरचं पाणी शंभराला उकळत नाही

पत्राचा गोषवारा : पत्रलेखिका इंदूरच्या एका खासगी शाळेत नववीला विज्ञान शिकवतात. सत्राच्या सुरुवातीला त्या प्रयोग, मोजमाप आणि आलेख यांवरचे धडे घेतात. या वेळी पाण्याचा उत्कलनांक काढण्याचा प्रयोग घेतला. वर्गात चाळीस मुलं, चौघांचा एक याप्रमाणे दहा गट. नऊ गटांच्या फाइलमध्ये उत्तर आलं १०० अंश सेल्सिअस, दहाव्या गटाचं ९८. बाईंनी लाल पेनाने गोल करून 'पुन्हा करा' असं लिहिलं, तेव्हा त्या गटातल्या तिघांनी खोडून १०० केलं. चौथी मुलगी मात्र हटून बसली. तिने मधल्या सुट्टीत प्रयोग पुन्हा केला, पुन्हा ९८ आलं. दुसरा तापमापक घेतला, तर साडेसत्त्याण्णव. प्रयोगशाळेतले सहायक म्हणतात, नळाच्या पाण्यात क्षार असतात, त्यामुळे असं होतं, सोडून द्या. कोऑर्डिनेटर म्हणतात, या धड्यांवर तीन आठवडे गेले, आता पुढे चला. मुलीची आई गणेशोत्सव मंडळात बाईंच्याच बरोबर असते आणि तिनेही विषय काढला आहे. बाईंचे प्रश्न दोन : मुलीचं मन न दुखवता तिला तिची चूक कशी पटवायची? आणि प्रामाणिकपणाचं कौतुक म्हणून चुकीच्या उत्तराला पूर्ण गुण द्यावेत का?

ताई,

आधी त्या ९८ बद्दल बोलू, कारण तुमचे दोन्ही प्रश्न त्यावर उभे आहेत. तुमच्या विद्यार्थिनीचं उत्तर चुकलेलं नाही. इंदुरात पाणी १०० अंशांना उकळत नाही. साधारण ९८ अंशांना उकळतं, आणि ते राजवाड्यापाशी उकळा की विजयनगरला, फरक पडत नाही.

आपलं शहर माळव्याच्या पठारावर आहे, समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच. उकळणं म्हणजे पाण्याच्या आत वाफेचे बुडबुडे तयार होऊन टिकणं. वरच्या हवेचा दाब त्या बुडबुड्यांना चेपत असतो. वाफेचा दाब त्याच्या बरोबरीला आला की पाणी खळखळायला लागतं. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून हे काम कमी तापमानाला होतं. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर धरतात. आपल्याकडे तो ७१० च्या आसपास असतो. ढोबळ हिशेब असा, की दर तीनशे मीटर चढलं की उत्कलनांक एक अंशाने उतरतो. मुंबईला १००, आपल्याकडे ९८ च्या जरासं वर, पचमढीला साडेशहाण्णवच्या आसपास, आणि लेहला ८८-८९. तुमची एखादी मैत्रीण बडोद्याला शिकवत असेल तर तिच्या वर्गात हा वाद कधीच होणार नाही, कारण बडोदा जवळजवळ समुद्राच्या पातळीला आहे आणि तिथे पुस्तक व पाणी यांचं जमतं.

क्षारांचं म्हणाल, तर तुमच्या सहायकांचा तर्क दोन ठिकाणी अडतो. पाण्यात मीठ विरघळलं की उत्कलनांक वाढतो, कमी होत नाही. आणि वाढतो तरी किती? लिटरमागे अर्धा ग्रॅम मीठ धरलं तरी अंशाच्या शंभराव्या भागाइतका. शाळेच्या तापमापकावर तो दिसणं शक्यच नाही. नळाला येणाऱ्या नर्मदेच्या पाण्यावर इंदूरकर बरंच काही ढकलतात, हे मात्र तिच्या माथी मारू नका.

तुम्ही '१०० हे बरोबर उत्तर' असं गृहीत धरलंत यात तुमचा एकटीचा दोष नाही. पुस्तकात तसं छापलेलं असतं, आणि 'प्रमाण वायुदाबाला' (म्हणजे समुद्रसपाटीच्या त्या ७६० मिलिमीटर दाबाला) हे दोन शब्द असले तरी तोंडपाठ करताना गळून पडतात. गंमत म्हणजे ज्या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या नावाने आपण अंश मोजतो, त्या अँडर्स सेल्सिअसने १७४२ सालीच लिहून ठेवलं होतं की पाणी कुठल्या तापमानाला उकळतं ते हवेच्या दाबावर अवलंबून असतं. (त्याची मोजपट्टी उलटी होती : उकळत्या पाण्याला शून्य, गोठणाऱ्याला शंभर. तो गेल्यावर ती पालटली. नववीच्या मुलांना हे सांगून पाहा, आवडतं.) पुढे डोंगरात फिरणारे भूमापक आणि प्रवासी हीच गोष्ट उलटी वापरायचे. माथ्यावर पाणी उकळायचं, तापमान वाचायचं आणि त्यावरून डोंगराची उंची काढायची. तुमच्या त्या मुलीने नकळत इंदूरची उंची मोजली, आणि तुम्ही तिला लाल गोल दिलात.

तरीही तिला उद्या वर्गात उभं करून टाळ्या वाजवू नका, अशी माझी विनंती आहे. कारण ९८ हा आकडा योग्य कारणाने आला की दोन चुका एकमेकींना भेटल्या, हे अजून कुणालाच माहीत नाही. शाळेतल्या तापमापकांवर एकेक अंशाच्या रेघा असतात. अर्धा अंश आपण नजरेने अंदाजतो. डोळा तिरका असला की तेवढा फरक सहज पडतो. शिवाय तापमापकाचा फुगा पाण्यात आणि बाकीची कांडी बाहेरच्या थंड हवेत असेल, तर कांडीतला पारा पुरेसा तापत नाही आणि आकडा अर्धा-पाऊण अंश कमी दिसू शकतो. तिचं साडेसत्त्याण्णव कदाचित तिथून आलं असेल, किंवा तो दुसरा तापमापकच मुळात अर्धा अंश कमी दाखवणारा असेल.

हे तपासायला एक फार सोपी गोष्ट आहे, आणि माझ्या मते ती या प्रयोगाच्या आधीच व्हायला हवी : बर्फ. बर्फाचा चुरा, त्यात थोडं पाणी, तापमापकाचा फुगा नीट बुडालेला, आणि आकडा स्थिर होईपर्यंत धीर. बर्फाच्या वितळण्यावर हवेच्या दाबाचा परिणाम जवळजवळ शून्य असतो, त्यामुळे इंदूर असो की मुंबई, तिथे ० च यायला हवं. एखादा तापमापक तिथे १ दाखवत असेल तर तो १ कागदाच्या चिठ्ठीवर लिहून त्याच कांडीला चिकटवा. वर्गात दहा तापमापक असतील तर दहाही एकसारखे नसणार. मुलांना हे एकदा डोळ्यांनी दिसलं की 'लीस्ट काउंट' (उपकरणावर वाचता येणारं सर्वात लहान माप) आणि 'झीरो एरर' (शून्याच्या जागीच दिसणारी चूक) या गोष्टी व्याख्येपुरत्या राहत नाहीत. आणि मग खरा प्रश्न समोर येतो, तुम्ही न विचारता : हाच तापमापक बर्फात बरोबर शून्य दाखवतो, तर उकळत्या पाण्यात दोन अंश कमी का दाखवतो? चाळिसातली पाच-सहा मुलं तरी यावर रात्री विचार करतील. मला विचाराल तर तीन आठवड्यांतला हा सर्वात मोलाचा प्रश्न आहे.

आता ते नऊ गट. तुमच्या पत्रात एक ओळ आहे, 'बाकीच्या मुलांनी तरी नीट प्रयोग केला.' ताई, मला शंका आहे. दहा तापमापक, दहा बर्नर, दहा जोड्या डोळे, आणि नऊ ठिकाणी नेमकं १००? ९९ नाही, १०१ नाही? इतकं एकमत तर मंडळाच्या सभेतही होत नाही. काही गटांनी १०० खरंच पाहिलं असेल, हे शक्य आहे. फुगा चंचुपात्राच्या तळाला टेकला की तो पाण्याऐवजी तापलेल्या काचेचं तापमान सांगायला लागतो, आणि आकडा चढतो. (म्हणूनच १७७७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या समितीने सुचवलं होतं की तापमापकावर वरची, म्हणजे उत्कलनांकाची, खूण करताना फुगा पाण्यात न बुडवता वाफेत धरावा. तुम्हीही तसंच करून पाहा.) पण बहुतेकांनी ९७, ९८, ९९ असं काहीतरी पाहिलं आणि पुस्तक आठवून १०० लिहिलं, असाच माझा कयास आहे.

त्यांना खोटारडी म्हणू नका. त्यांनी हिशेब केला आणि तो बरोबर होता. १०० ला गुण होते, ९८ ला लाल गोल. तुम्ही गोल काढल्यावर दहाव्या गटातल्या तिघांनी किती वेळात आकडा बदलला, ते तुम्हीच लिहिलं आहे. पुढे अकरावीला हीच मुलं लंबकाच्या प्रयोगात आधी g (गुरुत्वीय त्वरण) = ९.८ लिहितील आणि मग उलटी गणितं करून रीडिंग बसवतील. कॉलेजच्या प्रयोगशाळांतून हे इतकं सर्रास चालतं की त्याला कुणी फसवणूक म्हणत नाही, 'रीडिंग मॅनेज करणं' म्हणतात. त्याचं पहिलं पाऊल नववीतच पडतं, आणि ते गुणांच्या तक्त्यावरून पडतं.

त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी जरा वेगळं देते. 'प्रामाणिकपणाबद्दल चुकीच्या उत्तराला गुण' अशी दया दाखवायची गरज नाही. उत्तराच्या आकड्यालाच गुण देणं थांबवा. गुण द्या ते तक्त्याला : दर मिनिटाची नोंद आहे का, प्रयोग चालू असतानाच पेनाने केली आहे का, खोडलेला आकडा एका रेघेने असा खोडला आहे का की खालचा वाचता यावा. गुण द्या आलेखाला, आणि आलेख त्याच तक्त्यातून निघाला आहे का याला. आणि एक गुण ठेवा शेवटच्या दोन ओळींना, जिथे मुलं लिहितील की माझा आकडा पुस्तकापेक्षा वेगळा का आला असेल. ज्याचा आकडा पुस्तकाशी तंतोतंत जुळतो त्यानेही तिथे काहीतरी लिहायला हवं. पुढच्या वेळी फाइलच्या कच्च्या पानावर, प्रयोग संपताच, तुम्ही सही करा. घरी जाऊन सुबक उतरवलेल्या पानाला ते कच्चं पान पिन करायचं. अक्षर वाईट असेल, पाण्याचे डाग असतील, असू द्या. दहा गटांच्या दहा सह्यांना पाच मिनिटं लागतात.

आलेखावर थोडं जास्त बोलते, कारण तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख फक्त 'आलेख सगळ्यांचे सुंदर आले' एवढाच आहे. आलेख सुंदर आले म्हणजे पट्टीने एक तिरकी रेघ, कोपरा, आणि १०० वर एक आडवी रेघ, असंच ना? खरं पाणी असं तापत नाही. सुरुवातीला काच तापायलाच वेळ जातो, त्यामुळे पहिलं मिनिट-दोन मिनिटं आकडा रेंगाळतो. मग भराभर चढतो. ऐंशीच्या पुढे वेग मंदावतो, कारण तोवर वाफेवाटे आणि पात्रातून बरीच उष्णता निघून जायला लागलेली असते. आणि मग वाक हळूहळू आडवा होतो. ती आडवी रेघ हाच उत्कलनांकाचा पुरावा आहे : खाली गॅस तसाच चालू आणि तापमान मात्र हलत नाही. एकदा वाचलेलं ९८ हा पुरावा नव्हे. पाच मिनिटं लागोपाठ ९८, ९८, ९८ आलं तर तो पुरावा. मुलीला विचारा, तिने किती मिनिटं पाहिलं? पाहिलं नसेल तर तिचाही प्रयोग अर्धाच झाला आहे.

दुसरं, मोजपट्टीचं. आलेखाच्या कागदावर १ सेंटिमीटर म्हणजे १० अंश असं प्रमाण घेतलं, तर ९८ आणि १०० यांच्यात अंतर किती? २ मिलिमीटर. तुमच्या शाळेतला हा सगळा वाद कागदावर दोन मिलिमीटरचा आहे, पेन्सिलीला टोक नसेल तर तो दिसणारही नाही. आता मुलांना दुसरा आलेख काढायला लावा, फक्त शेवटच्या आठ-दहा मिनिटांचा, उभा अक्ष ९४ पासून १०२ पर्यंत, १ सेंटिमीटरला १ अंश. तोच फरक आता २ सेंटिमीटरचा होतो. अक्ष शून्यापासून सुरू केलेला नाही हे कागदावर लिहायला सांगा. एकच तक्ता, दोन चित्रं. वर्तमानपत्रातले आलेख वाचतानाही हे उपयोगी पडतं, पण तो वेगळा विषय.

आणि तिसरा आलेख फळ्यावर, सगळ्या वर्गाचा मिळून. आडव्या अक्षावर ९५ ते १०२. प्रत्येक गटाने आपल्या आडव्या रेघेचा आकडा सांगायचा, बर्फातली चूक वजा करून, आणि तुम्ही त्या आकड्यावर एक फुली मारायची. एकाच आकड्यावर दोन फुल्या आल्या तर एकीवर एक. गुणांची भीती काढून घेतलेली असेल तर फुल्या ९८ च्या आजूबाजूला विखुरतील. त्या पसाऱ्याकडे बघून मुलांना कळेल की एका मोजमापावर किती विसंबायचं आणि दहांवर किती. पहिल्या वेळच्या फाइलमधले आकडेही शेजारी मांडा, नऊ फुल्यांचा मनोरा आणि बाजूला एकटी फुली. काही बोलू नका. मुलं हसतील, आणि कशाला हसतात ते त्यांना माहीत असेल.

त्या मुलीशी कसं बोलायचं? तुमचा प्रश्न होता तिला चूक पटवण्याचा. आता तो प्रश्न राहिला नाही, पण बोलणं राहिलंच. वर्गातच सांगा, सरळ : 'तू ९८ लिहिलंस, मी ते चुकीचं ठरवलं, ते चुकीचं नव्हतं.' एवढंच. पंधरा वर्षांची मुलं बाईंच्या लांब खुलाशापेक्षा अशा एका वाक्याला जास्त मान देतात. त्यानंतर तिला बक्षीस न देता काम द्या. दहाही तापमापक बर्फात तपासून त्यांच्या चिठ्ठ्या तिने आणि तिच्या गटातल्या त्या तिघांनी मिळून लिहायच्या. तिघांना वगळू नका, नाहीतर ती वर्गात एकटी पडेल. आणि तिला हेही कळू द्या की तिचं म्हणणं टिकलं ते ती हटून बसली म्हणून नाही. तिने प्रयोग पुन्हा केला, दुसऱ्या तापमापकाने पडताळला, म्हणून. उद्या बर्फात तिचा तापमापक दोन अंश कमी दाखवणारा निघाला, तर तिलाही आपलं ९८ सोडावं लागेल. त्याची तयारी आहे का, ते तिला आधीच विचारून ठेवा.

तिच्या आईबद्दल फार विचार करू नका. मंडळात विषय निघाला तर जे घडलं ते सांगा, पण शाळेची बाब आरतीच्या रांगेत मिटवू नका. मुलीशी आधी बोला, आईला ते घरी कळेलच.

कोऑर्डिनेटरची घाई मला कळते, अभ्यासक्रम त्यांनाही पुरा करून दाखवायचा असतो. त्यांच्याकडे 'आणखी वेळ द्या' म्हणून गेलात तर नकार येईल. आणखी तीनच तास मागा, आणि तेही वाटून. एक बर्फाला, एक वाफेला, एक फळ्यावरच्या आलेखाला. अडचण आली तर त्यांना हेही सांगता येईल की आपल्याच राज्यात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांतून प्रयोगांवर आधारलेलं विज्ञान शिकवायला सुरुवात झाली होती. पुढे सरकारी शाळांतून ते अनेक जिल्ह्यांत पोचलं आणि २००२ मध्ये बंद होईपर्यंत तीस वर्षं चाललं. तिथे खेड्यातली सहावी ते आठवीची मुलं स्वतः मोजायची, वर्गात सगळ्यांचे आकडे एकत्र मांडायची, आणि परीक्षेत पुस्तक उघडं ठेवायची. त्यांच्याकडे तुमच्यासारखे दहा बर्नरही नसायचे.

राहिली तपासणीला जाणारी फाइल, जिच्यामुळे मला वाटतं तुम्ही सर्वात जास्त धास्तावला आहात. फाइलमध्ये १०० खोटं लिहायचं कारण नाही आणि पुस्तकाशी भांडायचंही कारण नाही. निष्कर्षाच्या जागी असं लिहून घ्या : 'निरीक्षित उत्कलनांक ९८ अंश सेल्सिअस. प्रमाण वायुदाबाला १०० अंश सेल्सिअस. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्याने निरीक्षित मूल्य कमी.' ज्यांचं ९७ किंवा ९९ आलं त्यांनी आपापला आकडा लिहायचा. हे वाचून गुण कापणारा परीक्षक मला तरी भेटलेला नाही, आणि भेटलाच तर त्याला दाखवायला दहा सह्या केलेली कच्ची पानं तुमच्याकडे असतील.

वाफेत तापमापक धरताना चंबूचं बूच घट्ट बंद नको, वाफेला बाहेर जायला दुसरं भोक हवंच. आणि वाफेपाशी मुलांचे हात जाणार नाहीत असं पाहा, वाफेचा चटका पाण्याच्या चटक्यापेक्षा वाईट असतो. शाळेत बर्फ मिळत नसेल तर आदल्या रात्री घरच्या फ्रीझरमधले ट्रे भरून ठेवा, सकाळी थर्मासमधून न्या आणि फडक्यात बांधून कुटा. अख्खे खडे चालत नाहीत, फुग्याभोवती हवा राहते.